खलनायिकेच्या हाती कुदळ

'आनंदीबाईची व्यक्तिरेखा रेखाटा. ती खलनायिका ठरते काय? सकारण लिहा.' या घाटाचा प्रश्न ज्याने कधीच सोडवलेला नाही असा मराठीचा विद्यार्थी विरळा. नावे बदलतात, कधी आनंदीबाई असते, कधी कैकेयी, कधी सोयराबाई. उत्तरांचे साचेही दोनच. जुन्या वळणाचा विद्यार्थी 'ठरते' असे लिहून तिच्या महत्त्वाकांक्षेचे दाखले देतो. नव्या वळणाचा विद्यार्थी 'ठरत नाही' असे लिहून तिच्यावर झालेल्या अन्यायाची यादी देतो. दोघांनाही गुण मिळतात आणि परीक्षक म्हणून ते देणारे आम्हीच असतो. या प्रश्नाविरुद्ध, आणि त्याच्या दोन्ही उत्तरांविरुद्ध, आम्हांला काही म्हणायचे आहे. म्हणजे हा लेख काही अंशी आमच्याच विरुद्ध आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

निमित्त तसे क्षुल्लक. आम्ही सेवाग्रामच्या परिसरात राहणारी, साहित्य शिकवणारी चार-सहा माणसे. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांसह वाचायला बसतो. एका बैठकीत मुलींनी पुस्तक बाजूला ठेवून एका जपानी चित्रमालिकेचा विषय काढला. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी 'कार्टून' या एकाच शब्दात तिचा निकाल लावला. त्यांचा मान राखून आम्ही त्या वेळी गप्प बसलो. मात्र नंतर मालिका पाहिली. आता गप्प बसणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मालिकेचे मूळ नाव लांबलचक आहे. चाहते तिला 'हामेफुरा' म्हणतात. सातोरू यामागुची यांनी २०१४ साली एका जपानी संकेतस्थळावर ही कथा लिहायला सुरुवात केली, २०१५ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली, २०२० मध्ये तिची बारा भागांची चित्रमालिका झाली, २०२१ मध्ये दुसरे पर्व आले आणि २०२३ मध्ये चित्रपट. कथा अशी : कॅटरिना क्लेस ही एका बड्या सरदाराची आठ वर्षांची लाडावलेली मुलगी. एके दिवशी ती पडते, डोक्याला मार लागतो आणि तिला पूर्वजन्म आठवतो. त्या जन्मी ती जपानातली एक सामान्य शाळकरी मुलगी होती आणि तरुणींसाठीचा एक प्रेमकथेचा खेळ रात्र रात्र जागून खेळत होती. आता आपण त्याच खेळात जन्मलो आहोत, तेही नायिका म्हणून नव्हे तर नायिकेला छळणारी दुष्ट सरदारकन्या म्हणून, हे तिच्या ध्यानात येते. खेळात नायिकेचे प्रेम कोणावरही जडो, खलनायिकेच्या वाट्याला दोनच शेवट ठेवलेले आहेत : हद्दपारी किंवा मृत्यू. ते टाळायचे कसे, एवढाच कॅटरिनाचा प्रश्न. जपानात आज अशा कथांचा एक स्वतंत्र प्रकारच रूढ झाला आहे.

'पुनर्जन्माची ही परकी थेरे आमच्या मुलींना कशाला?' असे विचारणाऱ्यांना आम्ही नम्रपणे जय-विजयांची आठवण करून देऊ. वैकुंठाच्या या द्वारपालांना सनकादिकांचा शाप झाला. लोकप्रिय कथेप्रमाणे त्यांच्यापुढे पर्याय होता : भक्त म्हणून सात जन्म की वैरी म्हणून तीन. त्यांनी वैर पत्करले आणि हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र झाले. कथेतला खलपुरुष म्हणून जन्म घेणे ही कल्पना आमच्या कीर्तनकारांच्या बोटांवर शेकडो वर्षे खेळते आहे. आणि स्त्रिया? काही पुराणकथांत बळीची कन्या रत्नमाला बटू वामनाला पाहते, याला स्तनपान द्यावे असे तिच्या मनात येते. पुढे तो बापाला पाताळात दडपतो तेव्हा याला मारावे असेही येते. दोन्ही इच्छा एकाच जन्मात पुऱ्या होतात, कारण ती पूतना होऊन जन्मते. भागवतात कृष्ण तिला मारतो आणि मातेची गती देतो.

आता मराठी भाषेने यातले काय जपले ते पाहा. 'पूतनामावशीचे प्रेम' हा वाक्प्रचार आम्ही जपला. मातेची गती विसरलो. रावणाच्या व्युत्पन्नतेचे कौतुक करणारे, शिशुपालाच्या विरोधभक्तीवर निरूपण करणारे आमच्याकडे पुष्कळ. पूतना, मंथरा, शूर्पणखा, त्राटिका, हिडिंबा ही नावे मात्र शेजारणीच्या, सासूच्या, जावेच्या, वर्गातल्या एखाद्या मुलीच्या अंगावर फेकण्यासाठी राखून ठेवलेली. खलपुरुषाला चरित्र मिळाले, खलस्त्रीला वाक्प्रचार मिळाला.

आनंदीबाईचेही असेच झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गारद्यांचा पगार थकलेला होता. वाड्यातच अटकेत असलेल्या रघुनाथरावांना पेशवाई हवी होती. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार अशी पुरुषांची नावे त्या कटात सापडतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. या सर्व प्रकरणातून सामान्य मराठी माणसाच्या जिभेवर उरले काय? 'ध चा मा.' कागदावर 'धरावे' होते, आनंदीबाईने त्याचे 'मारावे' केले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात ही अक्षरबदलाची हकीकत येते, पण तो मूळ कागद आज कोणी दाखवू शकत नाही. शतकानुशतकांच्या भाऊबंदकीचे, थकलेल्या पगाराचे आणि सत्तेच्या हावेचे ओझे एका बाईने कथितरीत्या बदललेल्या एका अक्षरावर लादले गेले. १७८३ मध्ये रघुनाथराव कोपरगावी वारले. त्यानंतर ती मुलांसह पुणे दरबाराच्या देखरेखीखाली राहिली आणि १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीस वारली. खेळातल्या कॅटरिनाला ठेवलेले दोन शेवट आठवा. हद्दपारी आणि मृत्यू. आनंदीबाईच्या वाट्याला दोन्ही आले, एकापाठोपाठ एक. पुढे १९०९ साली खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने तिला रंगभूमीवर असे काही बळ दिले की लेडी मॅकबेथचे नाव तिच्या शेजारी घेतले जाऊ लागले. खाडिलकरांच्या नाट्यगुणाबद्दल आम्हांला शंका नाही. पण एखाद्या पात्राला इतके बळ मिळाले की ते पात्र राहत नाही. ती जागा होऊन बसते. मग त्या जागेवर कोणाला तरी बसवावेच लागते.

'म्हणूनच तर नव्या लेखकांनी तिची बाजू मांडली!' असे येथे कोणी म्हणेल. आमचा खरा वाद या 'बाजू मांडण्या'शीच आहे. गेल्या अर्धशतकात मराठीत, आणि आता भारतीय लेखकांच्या इंग्रजीतही, बाजू मांडणाऱ्या कादंबऱ्यांचे अमाप पीक आले आहे. कृती ठरलेली : बदनाम पात्र घ्यावे, त्याला प्रथमपुरुषी निवेदन द्यावे, बालपणी अपमान द्यावा, एक अव्यक्त प्रेम द्यावे आणि शेवटी वाचकाचे डोळे पाणावावेत. वकिलीला आमचा विरोध नाही. पण वकील आपल्या अशिलाला सोडवतो तेव्हा गुन्हा हवेत विरून जात नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात नेऊन टाकावा लागतो. कैकेयी निर्दोष ठरली की मंथरा अधिक काळी होते. कर्णाचे दुःख जितके खोल करावे तितके द्रौपदीच्या तोंडचे शब्द अधिक विषारी करावे लागतात. स्त्रीपात्राची सुटका होते तेव्हा बहुधा दुसरी, तिच्याहून गरीब, तिच्याहून कुरूप, तिच्याहून खालच्या पायरीवरची स्त्री जामीन राहिलेली असते. मंथरा दासी आहे आणि कुबडी आहे, हा योगायोग नव्हे.

१९६७ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्याच वर्षी शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आले आणि त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. एकाने महाभारतातल्या पराभूताला अश्रूंचा अभिषेक केला. दुसऱ्याने कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे कोरड्या, समंजस डोळ्यांनी पाहिले. कोणाला सोडवले नाही, कोणाला लटकावलेही नाही. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, विद्यापीठांत मान मिळाला. वारसा मात्र 'मृत्युंजय'चा चालला. कारण उघड आहे. रडणे सोपे असते, आणि रडून झाल्यावर आपण न्याय केला असे वाटते.

हसण्याचा आमचा इतिहासही फारसा उजळ नाही. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे मराठी रूपांतर वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले आणि नाटकाला नाव दिले 'त्राटिका'. विश्वामित्राच्या यज्ञाआड आलेल्या राक्षसीचे नाव लग्नाला तयार नसलेल्या, फटकळ तोंडाच्या मुलीला! रामायणातली त्राटिका बाणाने मरते आणि नाटकातली माणसाळवली जाते. प्रेक्षक तिला हसतात आणि ती मऊ झाल्यावर टाळ्या वाजवतात. म्हणजे आमच्या शोकात्म साहित्याने खलनायिकेला शिक्षा केली, करुण साहित्याने तिला माफ केले आणि विनोदी साहित्याने तिला सरळ केले. तिन्ही ठिकाणी कारभार कोणा दुसऱ्याच्या हाती.

'हामेफुरा'चे मोल आम्हांला वाटते ते या पार्श्वभूमीवर. ही थोर कलाकृती आहे असा आमचा दावा नाही. चित्रण बेताचे, कथानक पुष्कळदा पुनरुक्त. पण तिच्यात एक गोष्ट घडते जी आमच्या चारशे पानी कादंबऱ्यांत घडत नाही. कॅटरिना आपली बाजू मांडतच नाही. खेळातली ती दुष्ट मुलगी खरोखरच दुष्ट होती, हे तिला मान्य आहे. ती स्वतः हा खेळ खेळली आहे! पूर्वीच्या कॅटरिनासाठी ती सहानुभूती मागत नाही. तिच्या डोक्यात तिच्याच पाच प्रतिमांची सभा भरते, अध्यक्ष असतो, ठराव मांडले जातात (आमच्या प्राध्यापक मंडळींना हे दृश्य ओळखीचे वाटेल) आणि सभेत चर्चा होते ती 'मी दोषी की निर्दोष' याची नव्हे, 'आता करायचे काय' याची.

आणि ती काय करते? मूळ खेळात दत्तक भाऊ कीथ याला तिने एकटे पाडलेले असते, म्हणून तो पुढे बिघडतो. येथे ती त्याला ओढून बाहेर खेळायला नेते. पांढरे केस आणि लाल डोळे यांमुळे लोक सोफियाला शापित म्हणतात. कॅटरिनाला ते केस, ते डोळे सुंदर वाटतात आणि ती तसे तोंडावर सांगून मोकळी होते. हे ती कोणा तत्त्वासाठी करीत नाही, स्वभावाने करते. आपल्यावर एवढी माणसे जीव टाकू लागली आहेत याचा तर तिला अखेरपर्यंत पत्ता नाही. विनोद तेथेच आहे. पण त्या विनोदाच्या पोटात एक फार गंभीर निरीक्षण दडलेले आहे : खलनायिका एकटीने होत नाही. एकाकी भाऊ, टोमणे खाल्लेली मैत्रीण, आदराला मुकलेला राजपुत्र अशा आधीच दुखावलेल्या माणसांच्या मधोमध ती जागा तयार होते. ती दुखणी कोणी वेळीच बुजवली तर जागाच उरत नाही.

एक प्रसंग तर आमच्या विद्यार्थ्यांनी 'भाऊबंदकी'च्या शेजारी ठेवून वाचावा असा आहे. कॅटरिनाचे शत्रू तिच्यावर नायिकेच्या छळाचा आरोप ठेवतात आणि पुराव्याचे कागद पुढे करतात. कथानकाला या क्षणाचीच प्रतीक्षा होती. हद्दपारी येथूनच सुरू व्हायची. तेव्हा तिचे स्नेही पुढे होतात आणि म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की एवढे बारीक कारस्थान रचण्याची अक्कल हिला नाही! आम्ही खूप हसलो. मग वाटले, शनिवारवाड्यातल्या त्या बाईला रोज जवळून पाहिलेले, 'ही असे करणार नाही' किंवा 'ही असे करील' असे ओळखून सांगणारे कोणी होते काय? असतील तर त्यांचा शब्द आमच्यापर्यंत पोचला नाही. आमच्यापर्यंत पोचला तो कागद, तोही न सापडणारा.

आता कुदळीकडे वळू. हद्दपार झालोच तर पोट भरता यावे म्हणून ही सरदारकन्या वाड्याच्या आवारात वाफे करून भाजीपाला लावते. मातीशी जवळीक वाढली की आपली मातीची जादूही वाढेल, असा तिचा आणखी एक भाबडा हिशेब. घरची माणसे कपाळाला हात लावतात. आमच्या बैठकीतही या दृश्याला मोठा हशा झाला. सेवाग्राममध्ये बसून हे दृश्य पाहताना काही आठवणे अपरिहार्य होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे आले ते शरीरश्रमाला व्रतांच्या यादीत स्थान देऊन. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची मांडणी झाली. तिचे सार असे की हाताला काम आणि बुद्धीला ज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या शिकवता येत नाहीत. कॅटरिनाला यातले काही ठाऊक नाही. पण ज्या हातांनी कटाचे कागद लिहायचे अशी कथेची योजना होती, ते हात मातीत गुंतले आणि कट रचायला रिकामे राहिले नाहीत, हे आपण पाहतो.

येथे एका विद्यार्थ्याने आमचा उत्साह जागीच थांबवला. तो कापूस पिकवणाऱ्या घरातला. तो म्हणाला, "सर, तिला शेती म्हणजे संकटातून सुटका वाटते. आमच्याकडे संकट शेतीतच असते." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी-साहाय्याची योजना जाहीर केली त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता, तो आत्महत्यांमुळे. सरदाराच्या आवारातली भाजी आणि कर्जावर पेरलेले कपाशीचे शेत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मालिकेला ते अंतर दिसत नाही. तिच्या मर्यादांत ही मर्यादा मोठी आहे आणि ती आम्ही झाकणार नाही.

दुसरी मर्यादा याहून लागट. मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस ज्याच्यावर काळ्या जादूचा ठपका येतो तोही एक दुखावलेला तरुणच निघतो आणि कॅटरिना त्याला जवळ करते. येथवर ठीक. पण त्याच्या दुःखाचे मूळ शोधत गेले की सापडते काय? एका सरदाराची मत्सरी पत्नी! एवढ्या कौशल्याने रिकामी केलेली जागा शेवटी पुन्हा एका बाईनेच भरली, आणि तिला तर कथेने दोन वाक्यांचेही समर्थन दिले नाही. आमच्या ज्येष्ठांनी हा मुद्दा विजयी मुद्रेने मांडला. आम्हांला मात्र त्यात आमच्या म्हणण्याची पुष्टीच दिसते. जागा किती चिवट आहे पाहा! जी कथा ती मोडायला निघाली तिलाही ती पुरती मोडता आली नाही.

म्हणून मागणी आमची मालिकेसाठी नाहीच. तिला अभ्यासक्रमात घाला असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी प्रश्नपत्रिकेकडे आहे. 'ती खलनायिका ठरते काय?' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा : या कथेला खलनायिका का लागते? ती नसती तर दोष कोणाकडे गेला असता? तिला सोडवले तर तिच्या जागी कोणाला बसवावे लागते? गारद्यांचा थकलेला पगार नाटकात किती ओळींचा आहे आणि आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा किती? ही गणिते विद्यार्थ्यांना करू द्या. 'त्राटिका', 'भाऊबंदकी', 'युगान्त' ओळीने शिकवा, आणि वर्गात कोणी 'हामेफुरा'चे नाव काढले तर नाक मुरडू नका.

हा केवळ पाठ्यपुस्तकी वाद असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. त्या बैठकीत सर्वांत शेवटी एक मुलगी बोलली. एरवी ती बोलत नाही. शाळेच्या संमेलनांचा विषय निघाला होता. ती म्हणाली, "सर, पाचवीपासून मीच शूर्पणखा. मले कोणी विचारलं नाही. रंग पाहिला अन् भूमिका देऊन टाकली." सगळे हसले, तीही हसली. मग म्हणाली, "दरवर्षी नाक कापायचे तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या."

या मुलीला आम्ही 'शूर्पणखेची व्यक्तिरेखा रेखाटा' असा प्रश्न घालणार आहोत. ती चांगले उत्तर लिहील, तिला गुणही मिळतील.

सेवाग्रामचे पूर्वीचे नाव सेगाव. शेगाव आणि सेगाव यांत एका अक्षराचा फरक, म्हणून टपालाची गफलत होई. १९४० साली गावाचे नावच बदलले आणि पत्रे नीट पोचू लागली. त्या गफलतीचा दोष कोणी टपालवाल्याच्या माथी मारला नाही, की कोणा बाईने 'स'चा 'श' केला अशी आख्यायिकाही रचली नाही. अक्षराची चूक व्यवस्थेत शोधली आणि व्यवस्थेत दुरुस्त केली. हे शहाणपण एका खेड्याला जमले. अडीचशे वर्षे 'ध चा मा' म्हणत बसलेल्या आपल्या वाङ्मयविचाराला ते जमू नये, हे आम्हांला मान्य नाही.